बाबांच्या आवाजावर पहारा

शेलूबाजारात लग्न कोणाचंही असो, मंगलाष्टकं आमच्या बाबांचीच. धंद्यानं शिंपी, पण गळा असा की वीज गेली, माईक बंद पडला, तरी रस्त्यावरच्या जीपवाल्यांना शब्दन् शब्द कळायचा. नवरीच्या सवयी, मामाचं गाव, सासूचं कौतुक, सगळं स्वतः रचून ओळीत बसवायचे. मग त्या गळ्यातच गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्या बहिणीची सोयरीक तेव्हा नुकतीच जुळली होती.

ऑपरेशनच्या आधी बाबा माझ्या दुकानात आले. लग्नपत्रिका करून द्यायच्या, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचे, असं माझं दुकान. ते कॉम्प्युटरसमोर बसले, पाणी प्याले आणि धाकटीची मंगलाष्टकं गायले. मी रेकॉर्ड केली. दुखत असणारच, पण सूर कुठं ढळला नाही. ऑपरेशन झालं, बाबा वाचले. बोलणं मात्र कायमचं गेलं.

आता तो आवाज जगात एकाच जागी होता, माझ्या त्या डबड्यात. पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची मला छाती होईना. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरसचं माहेरघर, त्यांच्यामुळं आधी एकदा सगळं पुसलं गेलं होतं. मोबाइलची वायरसुद्धा मी जवळ येऊ देईना. त्यापेक्षा राखण वाढवू, म्हटलं. एक अँटिव्हायरस होताच. कारंज्याचे मामा आले, त्यांनी दुसरा आणून घातला. मी कुरकुरले तर म्हणाले, "दाराले कडी असते, वरून कुलूप बी लावतोच ना आपन?"

मला ते पटलं. पटणारच ना! आमच्या देव्हाऱ्यात देवी आहे, मारुती आहे, आणि शेजारच्या कोनाड्यात लाउडस्पीकरवाल्या चाचांनी दिलेला ताईत. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची, कॉम्प्युटरच्या मागं बिब्बा. राखण करणाऱ्याला आमच्याकडं कोणी नको म्हणत नाही. मग मी तिसरा अँटिव्हायरसही घातला, फुकटातला. इतके देव एका घरात सुखानं नांदतात, तर हे भांडतील असं मनातसुद्धा आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी चाचा गाणं न्यायला आले. मांडवातला स्पीकर त्यांचाच. मी फाइलवर क्लिक केलं. गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. एका अँटिव्हायरसनं पाटी टाकली की दुसरा धोकादायक आहे, त्याला कोंडू का? ती मिटवते तोच दुसऱ्यानं पहिल्याबद्दल तेच विचारलं. तिसरा त्या दोघांना तपासत बसला. एकानं बाबांची फाइल बघायला घेतली की दुसरा, हा कोण बघणारा म्हणून, स्वतः बघायला घ्यायचा, आणि मग तिसरा. फाइल तिघांच्या हातात आणि माझ्या हातात माऊस.

रागानं मी तो आपटला. पण खरं सांगते, रागाच्या आत मी थक्क झाले होते. त्या पत्र्याच्या खोक्यात, कोणाला न दिसता, केवढा जागता पहारा चालला होता! आणि तोही माझ्या बापाच्या आवाजावर. मामा म्हणाले, चौथा घालून बघू काय. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते चहा सांगायला निघून गेले.

उपाय मला माहीत होता. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरता चालू करायचा, तिथं हे पहारेकरी जागे होत नाहीत, आणि एकेकाला काढून टाकायचं. पण जाता जाता एखादा ती फाइलच घेऊन गेला तर? माझा हात धजेना. तेवढ्यात बाबा आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, राखण काढू काय? आवाज गेला तर जाईन, मंग तुमी मले काही म्हनू नोका."

बाबांनी माझा हात धरून माऊसवर ठेवला आणि शेतातली पाखरं हाकलावी तशी बोटं हलवली.

काळा स्क्रीन आला, त्यावर मोठी ओबडधोबड अक्षरं. मी एकेकाला काढलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, क्लिक केलं. बाबा गायला लागले. रस्त्यावर तुरीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल जागच्या जागी उभा राहिला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याचा गळा कापून काढला तो माणूस शेजारी मुका बसलेला, आणि त्याचा गळा समोर गात होता. इतकी वर्षं मी त्या यंत्रासमोर पोटासाठी बसले, ते केवढं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी रडायला लागले तर चाचा म्हणाले, "बेटा, आधी याची नक्कल काढ, मंग रड."

नक्कल काढली. चाचांच्या पेनड्राइव्हवर, माझ्या मोबाइलवर, मामांच्याही. मग कॉम्प्युटरवर एकच अँटिव्हायरस ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला आणि स्पीकरवर बाबांचा आवाज लागला, तेव्हा स्पीकरकडं कोणी पाहिलंच नाही. सगळा मांडव वळून बाबांच्या तोंडाकडं पाहत होता. माझ्या लग्नात बाबा स्वतः गायले होते, डोळे कोरडे ठेवून. लेक चालली नि या माणसाला काहीच कसं वाटत नाही, म्हणून मी तेव्हा रुसले होते. गाणाऱ्याला रडून चालत नाही, गळा दाटला की ओळ तुटते, हे मला कोण सांगणार? धाकटीच्या लग्नात गाणं कॉम्प्युटरकडं होतं, बाबा मोकळे होते. "सावधान" झालं, ज्वारीच्या अक्षता पडल्या, आणि मुठीतली ज्वारी तशीच धरून बाबा आवाज न करता रडले.