खंजेरीचं बटन

समुद्रपूरकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल, लग्न असो की सप्ताह, लाऊडस्पीकर आमच्याच घरून जायचा. मशीनवरची बटनं हे न पाहता फिरवायचे. हे म्हणजे माझे मालक. नाव मी घेत नाही, इथंही घेत नाही. धंदा कधीचाच बसला.

मागच्या वर्षी यांचा धाकटा भाऊ गेला. खंजेरी वाजवून भजन म्हणायचा. त्याच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. ती स्वच्छ करून वर्षश्राद्धाला लावायची, अन् तीही आपल्याच हातानं, हे यांनी धरून ठेवलं. दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात.

मी ती कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली. शाळा माझी दहावीपर्यंतची, बाकी सगळं व्हिडिओ पाहून, चुकतमाकत. मला सापडलेल्या प्रोग्राममध्ये पडद्यावर डबे मांडायचे. एक घरघर काढतो, एक आवाज घुमवतो, एक बारीक आवाज वर आणतो. डबे वायरनं जोडायचे, ती वायरही पडद्यावर दिसते. अन् फिरवायची बटनं आपली आपण बनवायची. यांचे हात थरथरतात, म्हणून मी बटनं भाकरीएवढी केली. पण माऊस वर-खाली ओढला की बटन फिरायचं, त्यावर हे चिडले.

"बटन गोल अन् हात उभा? हे काय करून राह्यली तू?"

मग डोकं घालून घालून तेही बदललं. तरी तक्रार होतीच. "खंजेरीची झांज कुठं गेली वं? कॅसेटनं खाल्ली."

मला झांज ऐकू येत होती. पण यांचा कान तयारीचा, माझ्यापेक्षा बारीक काही शोधत असतील, असं वाटलं. म्हणून झांजेसाठी वेगळं बटन करून दिलं. हे डोळे मिटून बसले. थोडं इकडं, केसभर तिकडं. चेहरा कसा उजळला.

"हं, आता खुलली. पाह्य, माहा भाऊ आला."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्या बटनाची वायर मी डब्याला लावलीच नव्हती. टोक तसंच लोंबत होतं.

मी माऊस मागितला, पण हा माणूस जन्मभर वायरी तपासत आलेला. काम झालं की सगळ्या जोडण्यांवरून नजर फिरवल्याशिवाय उठायचे नाहीत. नजर त्या टोकावर थांबली.

"हे तर लावलंच नाई."

"राह्यलं माझ्याकडून."

"मंग मी काय ऐकून राह्यलो होतो?"

मी वायर जोडली. त्यांनी बटन फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. झांज माझ्या कानात सुईसारखी शिरली. हे पडद्याकडं पाहतच नव्हते, माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी डोळे मिटले तसा त्यांनी माऊस ठेवून दिला. परत त्या खुर्चीवर बसले नाहीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा पुतणीचा फोन आला. फोन आता स्पीकरवरच लावावा लागतो.

"मोठेबाबा, झाली का आमच्या बाबांची कॅसेट?"

"नाई बेटा. तुह्या मोठ्या आईनं केलेली बटनंच बरोबर नाई. तू दुसऱ्या कोणाले देजो."

मी वांगी चिरत होते. मग तिनं मला विचारलं, "मोठी आई, काय बिघडलं?"

हे खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"मले नाई जमली ती बटनं," मी म्हटलं.