पाहुण्याची खुर्ची

झोपेत तिचा उजवा हात मनगटातून उलटायचा. आधी तळवा वर, मग खाली, मग जरा वेळ शांत, आणि पुन्हा वर. तिला याचा पत्ताच नव्हता. नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. आजारपणानंतर त्याची झोप इतकी सावध झाली होती की शेजारच्या घरातलं कपाट उघडलं तरी तो जागा व्हायचा. सकाळी तो विचारायचा,

"काल किती टेबलं झाली?"

"कुठली? हॉटेलातली की अंथरुणातली?"

"अंथरुणातली. हॉटेलातल्यांचा तुला पगार मिळतो."

ती हसायची आणि मनगटावर पट्टी गुंडाळायला घ्यायची. पट्टी कातडीच्या रंगाची होती आणि कामाच्या कपड्यांच्या लांब बाहीखाली लपायची. पाहुण्यांना ती दिसता कामा नये, असा नियम कुणी सांगितला नव्हता. पण दुखऱ्या हाताने वाढलेलं कुणाला गोड लागतं?

ती जिथे काम करायची ते जपानी पद्धतीचं मोठं हॉटेल होतं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध खळगा, त्यात लाल निखारे, वर तारेची जाळी. छतातून एक नळकांडं खाली उतरलेलं, धूर ओढून घेणारं. पाहुणे आले की आधी त्यांचे कोट कापडी पिशव्यांत बंद करायचे, म्हणजे घरी जाताना अंगाला वास येत नाही. मग गरम ओले रुमाल. मग कागदासारखे पातळ कापलेले मांसाचे तुकडे, काळ्या दगडी ताटलीत असे मांडलेले की पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग भूक लागल्याचं आठवतं. बाकीच्या हॉटेलांत लोक आपलं आपण भाजून घेतात. इथे टेबलाशी एक जण उभी राहते आणि भाजून देते. हे काम ती करायची. मिठातलं आधी, सॉसमधलं नंतर, मधे जाळी बदलायची. तुकडा ठेवायचा, कडा आक्रसायला लागल्या की उलटायचा, पाहुण्याच्या ताटलीत ठेवायचा आणि नजर खाली घ्यायची. हॉटेलात सगळे तिला ताई म्हणायचे. वयाने मोठा असलेला भांडी घासणारा दाढीवालासुद्धा.

इतकी वर्षं लोकांना जेवताना पाहून तिला माणसं कळायला लागली होती असं मात्र नाही. उलट ती सगळी एकमेकांसारखी दिसायला लागली होती. लग्नाचा वाढदिवस साजरा करणारं जोडपं, प्रत्येक घासाला डोळे मिटणारी बाई आणि फोनमधून डोळे वर न काढणारा बाप्या. मोठा व्यवहार ठरल्याच्या आनंदात आलेले साहेब लोक, ज्यांना तिचा फक्त हात दिसायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा दोन घास खाऊन विचारलं होतं, "बाई, तुम्ही जेवलात का?" प्रश्न इतका अनपेक्षित होता की ती "हो, छान आहे" असं भलतंच बोलून गेली. कुठल्याही प्रश्नाला "छान" हेच उत्तर जिभेवर बसलं होतं. घरी येऊन तिने ते नवऱ्याला सांगितलं आणि दोघं खूप हसले. त्यानंतर कित्येक दिवस ती त्या गृहस्थांची वाट पाहत होती. ते काही पुन्हा आले नाहीत.

मनगट आधी थंडीत दुखायचं, मग रोज, मग कपाचा कान धरतानाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. जणू मनगट म्हणजे एखादं मूल, आजोळी नेऊन सोडायचं आणि आपण कामाला लागायचं. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आल्यापासून घरात कमावतं तेवढंच एक मनगट होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग आणि हातात बारीक चिमटा, असा तो आयुष्यभर बसला. आता त्याचा उजवा हात सतत थरथरायचा आणि तो हात तो खिशात ठेवायचा, घरातसुद्धा.

अशात हॉटेलातल्या शिकवणाऱ्या बाईंनी काम सोडायचं ठरवलं. नव्या मुलींना सकाळी रिकाम्या टेबलांवर शिकवायचं, एवढंच त्यांचं काम. पाहुणे नाहीत, संध्याकाळची उभी शिफ्ट नाही, एकामागून एक टेबलं नाहीत. मॅनेजरबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, जागा तुमचीच आहे. पण आधी खुर्ची."

ती खुर्ची म्हणजे या हॉटेलचा जुना रिवाज. पहिल्या मालकांनी घातलेला. ज्याला इथे दुसऱ्यांना शिकवायचं आहे त्याने आधी आपल्या घरच्या एका माणसाला घेऊन यायचं, पाहुणा म्हणून बसायचं आणि पूर्ण जेवायचं. अट एकच. जेवण संपेपर्यंत आपण मदतीला उठायचं नाही की भाजायच्या चिमट्याला हात लावायचा नाही. तसं केलं की आपण पाहुणे राहिलो नाही, कामावर आलो. मग जागा दुसऱ्याला.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या खुर्चीत भले भले आपटले होते. एक जण तर वाढणाऱ्या मुलीला वाकून नमस्कार करत राहिली, आणि तिसऱ्या ताटलीला स्वतःच उठून जाळी बदलून आली. तिला कळलंसुद्धा नाही. दाढीवाला कधीकाळी टेबलांवर होता, तोही त्या खुर्चीत हरल्यावर शरमेने भांड्यांकडे गेला होता.

"ताई, हात बांधून घेऊन जा," तो म्हणाला. "माझं ऐक. माझा हात मला न विचारता चिमट्याकडे गेला होता."

"तुझा हात तसाही कुणाला विचारत नाही. परवा माझ्या डब्यात होता."

"तो भुकेचा हात. हा सवयीचा. हा वाईट."

नवऱ्याला तयार करणं त्याहून अवघड. आजारपणानंतर तो लोकांत जेवला नव्हता.

"बहिणीला घेऊन जा."

"ती बोलत बसेल. तिला खायला घालायला आणखी एक माणूस लागेल."

"माझ्यासारखा माणूस तिथे शोभतो का?"

"अहो, तिथे येणारे सगळे शोभतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? एकाने मागे रुमालानं नाक पुसलं, गरम होता म्हणून भाजलं, तर आम्हालाच ओरडला."

तो हसला. "माझ्या हातून काही सांडलं तर तुला उठावं लागेल," तो म्हणाला. "मग तुझी जागा गेली."

तिने याचा विचार केला नव्हता, असं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती दोघं गेली. तिने लग्नकार्याची साडी नेसली होती आणि पट्टी काढली होती. दारात त्यांचे कोट घेऊन पिशवीत घालणारी मुलगी "या, या" म्हणाली. कोपऱ्यातल्या खोलीत टेबल मांडलं होतं. ती खुर्चीत बसली. इथे इतकी वर्षं काढली आणि बसल्यावर ही खोली कशी दिसते हे तिला ठाऊकच नव्हतं. छत उंच होतं. धुराच्या नळकांड्यावर एक पोचा पडलेला दिसत होता. उभं राहिलं की तो दिसत नाही.

भाजायला चष्मेवाली आली. तिला हिनेच शिकवलं होतं. चष्म्यावर वाफ धरायची म्हणून सगळे तिला चिडवायचे. आज तिचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं.

"ताई, मी..."

"मी पाहुणी आहे," ती हळूच म्हणाली. "पाहुण्यांशी करतेस तसं कर."

तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली.

पहिली ताटली बरी गेली. घासापुरता एक हात बाहेर काढायचा आणि पुन्हा मांडीखाली घालायचा. मीठ लावलेले तुकडे, लिंबाचे दोन थेंब. चष्मेवालीने एक तुकडा जरा लवकर उलटला तेव्हा मांडीखालचा हात उसळला, माशासारखा. तिने वजन टाकून तो दाबला. नवरा डाव्या हाताने घास तोंडात घालत होता. सावकाश, आधी ताटलीकडे मान वाकवून. त्याने चावलं, थांबला.

"हे तू रोज करतेस?"

"हो."

"आणि खात नाहीस?"

"उरलं तर. थंड."

"मग कसं लागतं हे तुला माहीतच नाही," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात, जणू तिने इतकी वर्षं त्याच्यापासून काही लपवलं होतं.

जाळी बदलली गेली. सॉसमधले दोन जाड तुकडे नव्या जाळीवर पडले तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून काहीतरी खळ्ळकन फुटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं. चष्मेवाली दचकली, "आलेच" म्हणाली आणि धावली. जाताना निखाऱ्यांवरचं बाजूला काढून जायचं, हे हिने तिला कितीदा घोटवून घेतलं होतं. ती विसरली. चिमटा जाळीच्या कडेला तसाच राहिला.

सॉस लावलेलं मांस लवकर जळतं. साखर असते त्यात. कडा आक्रसल्या. आता उलटायला हवं होतं. आता. धूर पांढऱ्याचा निळा व्हायला लागला आणि तिच्या मांडीखालचं मनगट आपोआप फिरलं, साडीत, खुर्चीवर, जागेपणी. चिमटा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. दाराची फट उघडी होती आणि पलीकडच्या गोंधळाकडे निघालेल्या मॅनेजरबाई तिथे थबकलेल्या तिला दिसल्या.

"जळतंय," नवरा म्हणाला.

"दिसतंय मला."

"उलटव ना."

"नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून उजवा हात काढला, डाव्याने तो मनगटाशी पकडला आणि चिमटा उचलला.

"अहो, राहू द्या."

"तू बस गं. पाहुणी आहेस ना?"

चिमटा थरथरत निखाऱ्यांवर गेला. पहिल्यांदा जाळीवरच वाजला. दुसऱ्यांदा तुकडा पकडला आणि सुटला. त्याच्या शर्टाची बाही निखाऱ्यांच्या फार जवळ होती. उठावं, हात धरावा, बाही मागे सारावी. जागा गेली तर गेली. पण त्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. एक डोळा बारीक झाला होता, भिंग लावल्यासारखा. कितीतरी दिवसांनी. तिने त्याला हात लावला असता तर तो डोळा पुन्हा विझला असता, हे तिला पक्कं कळलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. तिला उठवत नव्हतं. खुर्चीत बसल्यावर तिच्या अंगात जो थकवा उतरला होता तो एका दिवसाचा नव्हता.

ती बसून राहिली.

एक तुकडा निखाऱ्यांत पडला आणि भडकला. दुसरा त्याने उचलला, टेबलावर सॉसची रेघ ओढत आणला आणि तिच्या ताटलीत टाकला. एक बाजू काळी ठिक्कर.

"खा," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "गरम आहे तोवर."

तिने खाल्ला. कडू लागला, आणि आतून मऊ, आणि जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं तिने स्वतःला सांगितलं. धूर मात्र सगळा नळकांड्यात चालला होता.

चष्मेवाली धावत परत आली, जाळीकडे पाहून माफी मागायला लागली. हिने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. उरलेलं जेवण शांतपणे झालं.

निघताना मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या. प्रत्येक पाहुण्याला विचारतात तोच प्रश्न त्यांनी विचारला. "कसं वाटलं जेवण?"

"छान," हे तिच्या ओठांपर्यंत आलं. चष्मेवाली त्यांच्या मागे उभी, दोन्ही हातांनी एप्रन पिळत.

"एक घास करपला होता," ती म्हणाली. "पण तो आमच्या ह्यांनी भाजलेला. तुमच्या हॉटेलचा नाही. त्याची तक्रार मी घरी करीन."

नवरा खोकला. मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "ताई, मांस तुमच्या डोळ्यांसमोर जळत होतं. तरी जाळीकडे हात कसा नाही गेला? इतक्या वर्षांत मी कुणाला असं बसलेलं पाहिलं नाही."

तिने खरं तेच सांगितलं. "दमले होते हो."

बाई म्हणाल्या, "सोमवारपासून सकाळी या. नव्या मुलींना आधी बसायला शिकवा." आणि मागे न वळता, "तू मात्र आत ये जरा," असं चष्मेवालीला.

"तिला फार बोलू नका," ती म्हणाली. "ते मी शिकवलेलं आहे. सोमवारी पुन्हा शिकवीन."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. कोटांना खरंच वास नव्हता, पण नवऱ्याच्या बाहीला होता. तो पुन्हा पुन्हा बाही नाकाशी नेत होता. जागा मिळाल्याचा आनंद तिला व्हायला हवा होता. होईलही, उद्या किंवा परवा. तिचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा त्यांचा थांबा जवळ आला होता. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, तळवा वर.

"हलत होता का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

त्याचा उजवा हात खिशाबाहेर होता, तिच्या मनगटापाशी. मनगटाभोवतीची कातडी गरम होती, कुणीतरी बराच वेळ धरून ठेवल्यासारखी. तिने पुन्हा विचारलं नाही. पिशवी उचलायला ती वाकली, तर त्याने ती आधीच डाव्या हातात घेतली होती.