एकशे अठ्ठावीस बिटांचं कुलूप

रोह्याच्या शाळेत मी गणित शिकवतो. पेणला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि परस्पर संगणकप्रमुख झालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ऑफिसच्या नव्या संगणकावर फाइल शेअरिंगला पासवर्ड लावला, एन्क्रिप्शनचं कुलूप सगळ्यात भक्कम, म्हणजे एकशे अठ्ठावीस बिटांचं ठेवलं आणि पेनड्राइव्हवर बंदी घातली. आत लपवण्यासारखं काय, तर जुने दाखले आणि खिचडीचे तक्ते.

सोमवारी कोलाडकडची एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन आली. वरसे गावाजवळच्या एका कंपनीत तिला नोकरी लागत होती. शाळा सोडल्याचा दाखला चारच्या आत पोचला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. दाखला नव्या संगणकात आणि प्रिंटर इतका म्हातारा, की तो फक्त जुन्या संगणकाचंच ऐकायचा. क्लार्कबाईंनी जुन्यावरून फोल्डर उघडायला घेतलं. त्यानं पासवर्ड मागितला. दिला. पुन्हा मागितला.

मग पीटीच्या सरांनी तोच पासवर्ड जोरजोरात बटणं बडवून टाकला. मुख्याध्यापक स्वतः खुर्चीत बसले. हुद्दा बघून तरी ऐकेल, असं त्यांना वाटलं असावं. मी मागून पासवर्ड इतक्यांदा ओरडून सांगितला, की बाकावरच्या आईलाही पाठ झाला.

"अवो सर, शेवटी दोन शून्य हायत ना?" ती म्हणाली. मुलगी सारखी घड्याळाकडे बघत होती.

"पेनड्राइव्हवर घेऊ का?" बाईंनी हळूच विचारलं. मी भिंतीवरच्या बंदीच्या पत्रकाकडे बोट दाखवलं. अक्षर माझंच होतं.

सव्वातीनला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पासवर्ड बरोबरच होता. जुन्या संगणकाला छप्पन बिटांपुढचं एन्क्रिप्शन झेपतच नव्हतं, आणि ते त्याच्यावर लादलं होतं मी. भयंकर लाज वाटली. सगळ्यांना चहाला पाठवलं, सेटिंग गुपचूप खाली आणलं आणि ते परतल्यावर म्हणालो, "नेटवर्कलाच वरून प्रॉब्लेम होता."

दाखला निघाला. सही, शिक्का झाला, रिक्षाही दारात आली. निघता निघता मुलगी वळली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"सर, तुमी व्हतात म्हनून झालं," आई डोळे पुसत म्हणाली. "नायतर पोरीची नोकरी गेलीच व्हती."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मी हात उचलून आशीर्वाद दिला.