बाभळीच्या डिंकाचे लाडू

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. माझ्या आज्याला कुठल्याशा दुष्काळात मिशनवाल्यांनी वाढवलं, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. बाकी बोलणं, खाणं, लुगडी सगळी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच. नाताळाला आमच्या घरून शेजारी फराळाचं ताट जायचं, अन् शेजारच्या बौद्ध घरून जयंतीला आमच्याकडं खिरीचं भांडं यायचं. माझ्या बापापासूनची ही रीत. मी चौथीत शाळा सोडली, पण बापाची रीत सोडली नाही.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. दिवाळीच्या सुमारास माझी बायको बाळंत झाली अन् तापात गेली. मागं राहिली नऊ-दहा वर्षांची थोरली, अन् मुठीएवढी धाकटी. शेळी आधीच विकली होती. शेजारची सून तेव्हा ओली बाळंतीण होती, तिचा मुलगा दोन-तीन महिन्यांचा असेल. कोणी काही सांगायच्या आत तिनं धाकटीला उचललं अन् पदराखाली घेतलं. तिची सासू दारात उभी होती. घरात जाताना ती सुनेकडं एकदा पाहून गेली.

मी रिकाम्या हातानं घेणारा माणूस नाही. ज्वारी देऊ केली, दुष्काळी कामावर तिची खडी फोडून देतो म्हणालो. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "दुधाचं कोनी काही घेते काय, भाऊ?"

पण पोटात काही नसेल तर दूध यावं कुठून? दिवसभर ती सडकेवर खडी फोडायची अन् रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकर खायची. धाकटी दोन घोट घेऊन रडायला लागायची. मग तिचा मुलगा रडायचा. भिंतीच्या पलीकडून दोन्ही रडणी मला ऐकू यायची. गावची दाई म्हणाली, हिले डिंक-मेथीचे लाडू द्या, नाहीतर दोघांपैकी एकाचंच भागंन.

नाताळ जवळ आला होता. मला वाटलं, उपकाराची फेड म्हणून ती घेणार नाही, पण नाताळाचं ताट कसं परत करील? कामावरून येता येता मी सडकेच्या बाभळीचा डिंक विळ्यानं खरवडून आणायचो. थोरली त्यातली साल निवडायची. गूळ शेलूबाजारच्या दुकानातला, भेलीचा तळ, मुंग्या लागलेला. मेथी घरात होती. तेल नव्हतं, तूप तर नावालाही नव्हतं. माझा मोठा भाऊ म्हणाला, मयताच्या घरात वर्षभर कढई चढवत नाहीत. मी म्हटलं, कढई कोण चढवते, मी तवा ठेवून राह्यलो. तव्यावर डिंक कोरडाच फुलवला, अर्धा जळाला. मिलोचं पीठ भाजलं. लाडू काही केल्या वळेनात, हातातच फुटायचे. थोरली गुळाच्या गरम पाण्यात हात बुडवायची, पोळायचं, तरी वळायची. लिंबाएवढे झाले. ताटात घातले, वर फडकं टाकलं, अन् नाताळाच्या सकाळी मीच नेऊन दिले.

संध्याकाळी सासू ताट घेऊन आली. रिकामं ताट परत करत नाहीत म्हणून तिनं त्यात चिमूटभर मीठ ठेवलं होतं. लाडू कडू होते पण पोरांनी खाल्ले, म्हणाली.

"सुनेनं खाल्ला का, मावशी?"

"सून कधी घरच्यांच्या आंधी खाते काय, बापू? ताट आलं, घरात वाटलं. दीर हाये, पोरं हायेत."

तिचंही खरंच होतं. ताट घराचं असतं, एकट्या बाईचं नसतं. पण ताटात नाही तर मी ते कशात घालायचे होते?

उरलेल्या डिंकाचे परत वळले. या वेळी ताट नाही. सडकेवर दुपारच्या सुटीत तिच्या हातावर एक ठेवला. "माह्यासमोर खा," म्हणालो. तिनं अर्धा तोडला, अर्धा पदराच्या गाठीत बांधू लागली, घरी असलेल्या तिच्या थोरल्या पोरासाठी. मी म्हटलं, गाठ सोड. बाजूच्या बाया हसल्या. एक म्हणाली, बायको जाऊन दोन महिने नाई झाले, अन् हा दुसऱ्याच्या बायकोले लाडू चारून राह्यला. मी हललो नाही. लोक काय बोलतात यावर मी कधीच चाललो नाही. ती खाली मान घालून चावत होती. ओठांवर खडीची धूळ होती.

"भाऊ, घशाखाली उतरत नाई," ती म्हणाली. पण खाल्ला. डिंक संपेपर्यंत रोज खाल्ला.

पौष सरता सरता तिच्या तान्ह्या मुलाला हगवण लागली. त्याला कारंज्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण एस.टी. येण्याआधीच तो गेला. गाव म्हणालं, दूध वाटलं गेलं म्हणून गेला. मी म्हणतो, हगवणीनं गेला. त्या साली घरोघरी हगवण होती, विहिरींत गाळ होता. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. सासूनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मातीला मी गेलो, खड्डाही मीच खणला. दुसऱ्या दिवशी धाकटीला घेऊन घरात बसलो होतो. थोरलीनं पाण्यात गूळ कालवला होता, चिंधीनं तिच्या तोंडात पिळत होती. नेहमीच्या वेळेला दारात सावली पडली. तीच होती. लुगडं पुढून ओलं झालेलं. मी म्हटलं, नको वहिनी, जा घरी, लोक काय म्हणतील. माझ्या तोंडून हे शब्द आयुष्यात तेवढे एकदाच निघाले.

ती आत आली, भिंतीला टेकून बसली अन् हात पुढं केले.

"द्या इकडं. दूध तर येऊनच राह्यलं, भाऊ. त्याले कोठं समजते?"

मी धाकटीला तिच्या मांडीवर ठेवलं अन् बाहेर जाऊन उभा राहिलो.