नसरीनचा कान

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज सोबत चहा घेणाऱ्या उपसंपादकालाही नाही. बातमीदारीत आयुष्य गेलं, दुसऱ्यांकडून खरं काढण्यात. स्वतःचं मात्र — असो. तुम्हाला सांगतो.

कापसाच्या संकटाची ती वर्षं. दिल्लीचे, परदेशातले पत्रकार यवतमाळला येत. मी एका दैनिकाचा वार्ताहर. त्यांना गावोगाव नेणं, दुभाषा होणं माझ्याकडे आपसूक आलं. इंग्रजी बोलणारा पत्रकार — हीच माझी ओळख. क्लास लावून, कॅसेटचा संच पाठ करून कमावलेली.

बाभुळगावात रफीकभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची मुलगी नसरीन बारावी होऊन दुकानात बसायची. तिला इंग्रजीची ओढ आहे असं कळलं, तेव्हा मी माझा संच तिला दिला. शिकवीन, असंही म्हणालो. थोड्याच दिवसांत तिनं तो परत केला.

"सर, यात निरं इमानतळावरचंच बोलनं हाये. मले तिथं कोन नेऊन राह्यलं?"

मी हसलो. पण लागलं. ते विमानतळावरचं सगळं मला तोंडपाठ होतं — आणि विमानतळ मीही पाहिला नव्हता.

तिची रीत वेगळी होती. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या टेप करायच्या. एक वाक्य ऐकून थांबवायचं, तेच स्वतः बोलून दुसऱ्या टेपवर घ्यायचं, मग दोन्ही आवाज लागोपाठ ऐकायचे. कुठं चुकलं ते तिचा कान सांगायचा. काय शिकायचं तेही तीच ठरवायची — वेचणी, बोंडअळी, बियाणं. तुझा मास्तर कोण, असं मी एकदा चिडवायला विचारलं.

"टेप. कितीबी खेपा इचारलं तं चिडत नाही."

मत्सर कशाचा होता? तिला इंग्रजी येऊ लागलं याचा? नाही. तिला माझी गरज नव्हती, याचा.

मग एक परदेशी पत्रकार बाई आल्या. त्यांना कापूस वेचणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. बायका माझ्यासमोर मोकळ्या होईनात. एक बोलली, पुष्कळ बोलली — ते मी दोन ओळींत उरकलं. परतताना बाईंचा रेकॉर्डर बिघडला म्हणून रफीकभाईंच्या दुकानी थांबलो. तिथं नसरीन त्यांच्याशी बोलली. सरळ, न अडखळता. बाईंनी तिथंच तिला दुसऱ्या दिवशी दुभाषी म्हणून बोलावलं आणि वडिलांचा होकार घ्यायचं माझ्यावर सोपवलं.

रफीकभाई म्हणाले, "तुमी संग हायात ना सर? मंग इचारता कायले? घेऊन जा पोरीले."

सकाळी मी बाईंना सांगितलं — तिच्या घरचे परवानगी देत नाहीत. त्या दौऱ्यातलं माझं एकमेव बिनचूक इंग्रजी वाक्य. मुसलमानाचं घर, तरुण मुलगी. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली, पुढं काही विचारलं नाही. विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं. दुसरी बाजू तपासल्याशिवाय मी कधी बातमी दिली नव्हती — आणि ही? आम्ही महागावकडे निघून गेलो.

संध्याकाळी दुकानी गेलो. नसरीन ठेवणीतला ड्रेस घालून तशीच बसलेली.

"गाडी नाही आली, सर. माह्यं काही चुकलं का?"

इथं तरी थांबता आलं असतं. मी म्हणालो, बाईंना तुझे उच्चार कळले नाहीत.

रफीकभाई तिला म्हणाले, "मशीनच्या भरवशावर राह्यली ना! आता तुमीच शिकवा सर."

ती माझ्याकडे शिकायला येऊ लागली. नीट बोललेल्या वाक्यातही मी चुका काढल्या. आधी ती वाद घालायची. मग प्रत्येक शब्दानंतर माझ्या तोंडाकडे पाहू लागली. बरोबर काय, चूक काय — तिचं तिला ऐकू येईनासं झालं. पुढं तिनं इंग्रजी सोडलं. लग्न होऊन गेली.

खोटं बोललो, हे झालं. पण त्याहून आतलं राहिलंच. अर्ध्या वाक्यात अडून ती माझ्याकडे पाहायची ना — तेव्हा मला बरं वाटायचं.