जुन्या आठशेचा आवाज

मंगळवार पेठेतल्या बोळात दस्तगीर मिस्त्री तीस वर्षं सायलेन्सर बसवतो. सायलेन्सर म्हणजे गाडीचं तोंड दाबायचं काम, आणि कोल्हापुरात तोंड दाबून घ्यायला तयार कोण असतं? पोरं येतात ती आवाज वाढवून मागायला. दस्तगीर त्यांना वाटेला लावतो. "आवाज पायजे तर हलगी घे की लेका. माझ्याकडं कशाला आलास?"

पाइप वाकवताना आत कोरडी वाळू ठासून भरायची, म्हणजे तो वाकतो पण चेपत नाही, हे त्याला बापानं शिकवलं. कान मात्र त्याचा स्वतःचा. एकदा ऐकलेल्या गाडीचा आवाज तो विसरत नसे. या कानाचा त्याला गर्व होता आणि पेठेत कुणी तो खोटा ठरवला नव्हता.

दिवाळीनंतर एके सकाळी शाहूवाडीकडच्या एका वाडीवरून आकाराम आले. दूध संस्थेतून सचिव म्हणून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. गाडी पंचवीस वर्षांची मारुती आठशे. तिचा आवाज बोळाच्या तोंडाशीच ऐकू आला आणि चहा पिणारी माणसं कप हातात धरून बघायला लागली.

"सायलेन्सर लोंबतोय, मिस्त्री. तार बांधून द्या, बास."

दस्तगीर गाडीखाली शिरला. डब्याची चाळण झाली होती, आतला पत्रा सुटून खुळखुळत होता. असलं काम तार बांधून सोडून देणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"तात्या, ही गाडी हाय का मळणीचं मशीन? तार कसली बांधताय? नवा सेट टाकतो. कंपनीचा न्हवं, बाहेरचा हाय, पण जाड पत्र्याचा. तुम्ही न्हाय म्हणू नका."

आकाराम भिडस्त. नाही म्हणाले नाहीत. दस्तगीरनं इंजिनापासून शेपटीपर्यंत सगळा सेट बदलला. तयार पाइप मागे घासत होता, तो वाळू भरून, तापवून हातानं वळवला. गाडी चालू आहे की बंद, हे कळायला आकारामना बॉनेटवर हात ठेवावा लागला. म्हातारा हसला. आपण एका भल्या माणसाचं भलं केलं, असं समजून दस्तगीरनं त्या दिवशी दोन घास जास्तच खाल्ले.

आठव्या दिवशी आकाराम परत आले. टोपी हातात, दाढीचे खुंट वाढलेले. खुर्चीवर बसले.

"जुना सायलेन्सर हाय काय ओ?"

"भंगारात गेला की. का? ह्यो बिघडला?"

"बिघडला न्हाय. लई चांगला बसवलाय तुम्ही." मग टोपी गुडघ्यावर ठेवून ते एकदम बोलायला लागले. त्यांची बायको चिमणाबाई तीन वर्षांपासून विसरत चालली होती. आधी जिन्नस, मग लेकींची नावं, मग माणसं. पण रोज दुपारी आकाराम बाजारातून परतायचे, खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला की ती उठायची, दार उघडायची आणि म्हणायची, "आलं आमचं." त्या आवाजामागून जो माणूस उतरेल तो तिचा नवरा. एवढी एकच ओळख उरली होती, आणि ती आवाजाला बांधलेली आहे, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"आता गाडी गुपचूप दारात येती. तिला वाटतं, कोण परका आला. आतनं कडी घालून बसती. शेजारची सून गेली की उघडती. मी गेलो की न्हाय. आठ दिस शेजाऱ्यांच्याच सोप्यात निजतोय, मिस्त्री."

दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं तार मागितली होती. त्यानं शहाणपणा करून त्याचं घर बंद केलं होतं. तो उठला आणि तसाच भंगारवाल्याकडे पळाला. माल चार दिवसांपूर्वीच ट्रकात भरून गेला होता.

"तात्या, आवाज माझ्या कानात हाय," तो परत येऊन म्हणाला. "मी बनवतो."

जन्मभर ज्यानं भोकं बुजवली, तो आता मापानं भोकं पाडायला बसला. एक जुना डबा घेतला, खालून चाळणी केली. आकाराम डोळे मिटून ऐकत बसले. "न्हाय. ह्यो कोरडा हाय." भोकं हलवली. "जवळ आला, पण तिला फसवायचा न्हाय." दस्तगीर रात्री घरी जाऊन न जेवता बसला, तेव्हा जरीनानं, त्याच्या बायकोनं, काय झालं विचारलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, की तुमच्या कानावर खुदानं हेच काम लिहिलं असेल, आता नीट करा.

दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आतला सुटा पत्रा दोनदा वाजायचा. त्यानं डबा कापला, आत एक पत्रा एकाच बाजूनं जोडून मोकळा ठेवला आणि डबा पुन्हा वेल्डिंगनं शिवला. गाडी चालू केली. चहा पिणारे परत कप धरून बघायला लागले. आकारामच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ह्योच. ह्योच, मिस्त्री!"

चढावर आवाज बदलला तर, असं निमित्त काढून दस्तगीर बरोबर निघाला. खरं म्हणजे त्याला ते दार उघडलेलं बघायचं होतं. त्याशिवाय त्याला घास गेला नसता.

दुपारचं ऊन कलत होतं. खालच्या वळणावर आकारामनी पाय उचलला, पत्रा दोनदा वाजला. वर दाराची कडी निघाली. चिमणाबाई पदर सावरत अंगणात आल्या आणि त्यांचं तोंड पोरीसारखं फुललं.

"आलं! आलं की आमचं!"

दस्तगीरनं गाडीतच हात जोडले. आकाराम घाईघाईनं उतरले, टोपी नीट केली आणि हसत पुढे झाले.

चिमणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून गाडीत पाहिलं, दस्तगीरकडे, मागच्या रिकाम्या सीटकडे. पुन्हा आकारामकडे वळल्या.

"पावणं, गाडी तर आमचीच हाय. मालक कुठं हायत?"

दस्तगीरला वाटलं, आता म्हातारा कोसळणार. आकाराम गाडीच्या दाराला हात टेकून उभे राहिले. चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर भीती चढायला लागली, त्या एक पाऊल मागे सरल्या, तेव्हा ते बोलले.

"मागनं येत्यात. मला म्होरं धाडलंय त्यांनी."

"असं व्हय!" बाईंचा जीव भांड्यात पडला. "मग बाहेर का हुबं? आत या की दोघंबी. बसा. त्येबी येतीलच एवढ्यात, तीन कप च्या ठेवते."

नऊ दिवसांनी आकाराम आपल्या घराचा उंबरा ओलांडून आत गेले. सोप्यात घोंगडं अंथरलं होतं, त्याच्या कडेला अंग चोरून बसले.

"ठेवा, वैनी," ते म्हणाले.