सँपलवाले नाना

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत कुणी काही तक्रार सांगायला लागलं, की शेजारचे नाना हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "सँपल आणा." नळाला गढूळ पाणी येवो, दूध नासो, नाहीतर कुणाच्या आमटीला जळका वास येवो, सँपल पाहिल्याशिवाय नाना मत देत नसत. त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेलेली. "माणूस सांगताना भर घालतो, सँपल घालत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. निम्मी इमारत त्यांना टाळायची. मीही टाळायचे.

मग आमचा बंडू आजारी पडला. अल्सेशियन, दोन वर्षांचा. दोन माणसांचं जेवायचा आणि तरी खंगत चाललेला. जंताचं औषध दोनदा देऊन झालं, आईने त्याची दृष्टही काढली. फासळ्या मोजता येऊ लागल्या तेव्हा बाबा म्हणाले, "त्याचे हाल बघवत नाहीत मला. इंजेक्शन देऊन सोडवूया." आई आत जाऊन रडली. भिंतीपलीकडून हे ऐकलेले नाना लगेच दारात हजर. "सँपल कुठाय?"

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मी ते दिलं. नानांनी गॅलरीच्या उजेडात, अजिबात नाक न मुरडता, बराच वेळ निरखलं. "ढीगभर, फिकट आणि तेलकट. अगं, हा खातोय ते तसंच बाहेर पडतंय. अंगी लागतच नाहीये." मग डबा पिशवीत घालून ते स्वतः मला आणि बंडूला रिक्षाने ठाण्याला, नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रक्त तपासल्यावर कळलं, की बंडूच्या स्वादुपिंडात अन्न पचवणारा रसच पुरेसा तयार होत नव्हता. बाईंनी त्या रसाची पावडर आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. नानांनी बाबांकडून दोन आठवडे मागून घेतले.

पहिला आठवडा फुकट गेला. कारण आमच्या घरात औषध जेवणानंतर घ्यायचं असतं. बंडूचं जेवण झालं, की आई इमानाने पावडर पाण्यातून पाजायची. नानांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी कोमट मऊ भातात पावडर कालवली, शेजारी घड्याळ ठेवलं आणि आईला समोर बसवलं. वीस मिनिटांत घट्ट भाताची पेज झाली. "वहिनी, हे त्याच्या पोटात व्हायला हवं. तिथे होत नाही, म्हणून आपण ताटलीत करायचं." शिवाय मधल्या वेळी कुणीही काहीही द्यायचं नाही, पावडरीशिवाय एक कण पोटात जाता कामा नये, असा त्यांनी सगळ्या मजल्याला दम भरला.

तरी बंडू म्हणावा तसा सुधारेना. मुदतीचे तीन दिवस उरले असताना नाना खाली मान घालून आले. सकाळचं सँपल त्यांनी पाहिलं होतं.

"फुटाणे आहेत त्यात," ते म्हणाले. "माझे. संध्याकाळी गॅलरीत खात बसतो तेव्हा तो कठड्यातून असा बघतो ना, वहिनी..."

आख्ख्या मजल्याला दम देणारा माणूस रोज मूठभर फुटाणे चारत होता. आई आधी हसली, मग आम्ही सगळेच. बाबांनीही हसत हसत आणखी एक महिना कबूल केला. नानांनी त्या दिवसापासून फुटाणे सोडले. मला ते पहिल्यांदा आवडले ते तेव्हा, आणि मग कायमचेच.

त्या महिन्यात बंडूच्या फासळ्या झाकल्या. पुढे तर तो चांगलाच भरला.

गेल्या वर्षी नाना गेले. त्यांना खाली न्यायची वेळ झाली, तर बंडू जिन्यात आडवा पसरलेला. दोघांनी ओढला, मग चौघांनी. ते छत्तीस किलोचं धूड काही हलेना. कुणीतरी वैतागून काठी मागितली.

बाबा पायरीवर त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "याच्या अंगावर मांस चढवलंय ते नानांनी."